सेगुंदाचं ट्रंकेचं गाणं

सेगुंदाला गाणं सुचलं की आधी तिची डावी भुवई वर जायची. ते बघून आम्ही बायका एकमेकींना कोपरानं ढोसायचो. "आज कुणाची पाळी आहे गं?" असं कुणीतरी पुटपुटायचं, आणि गेल्या आठ दिवसांत आपण कुणाला काय बोललो ते जी ती मनातल्या मनात आठवू लागायची. मीसुद्धा. माझ्यावर तिनं तीन गाणी केली होती, त्यातलं एक माझ्या घोरण्यावर होतं.

आमचं मंडळ बिसाव शहरातल्या बांदिम वस्तीतलं. एका वयाच्या चौदा बायकांचं. याला आम्ही मांजुआ म्हणतो. बारसं असो, लग्न असो, कुणाचं दिवसकार्य असो, सारख्या लुंग्या नेसून जायचं आणि दुपारभर गायचं. वाद्यं म्हणाल तर अर्धं कापलेलं पिंप, त्यात पाणी, आणि पाण्यावर पालथा घातलेला वाळका भोपळा. ती तीना. ती मी वाजवते, एकवीस वर्षं झाली. बाकीच्यांच्या हातात लाकडी पट्ट्या, टाळ्यांसारख्या वाजवायला. एवढ्यावर आमचं भागतं.

आणि भांडणंही त्यातच भागतात. शेजारणीनं कोंबडी दाबली, नवऱ्याचे पाय दुसऱ्या दाराला लागले, जावेनं चहाडी केली, की त्याचं गाणं होतं. नाव कुणाचं घ्यायचं नाही. पट्ट्या सगळ्यांनी वाजवायच्या, जिच्यावर गाणं आहे तिनंसुद्धा. वाजवता वाजवता जिचा हात थांबला, तिला लागलं असं समजायचं. मग पुढच्या कार्याला ती उलट गाणं घेऊन येते, सगळ्या खोखो हसतात, काजूची दारू फिरते आणि प्रकरण मिटतं. कोर्टकचेरीपेक्षा हे शंभर पटींनी बरं, असं मी लोकांना ऐकवत असे.

सेगुंदा या कामात सगळ्यांच्या वर होती. बाजारात मासे विकायची. दणकट बांधा, मोठा आवाज आणि जिभेला हाड नाही. पण मनात काही धरून ठेवायची नाही, गाण्यात ओतून मोकळी व्हायची. नवरा लिस्बनला जाऊन तिकडचाच झाला, तेव्हा तिनं त्याच्यावर असं गाणं केलं, की कुणीतरी कॅसेटवर भरून ते तिकडे पाठवलं आणि तो मेला दर शनिवारी फोन करायला लागला. "बघ ओदेत," ती मला म्हणाली, "पत्रानं झालं नाही ते गाण्यानं झालं." तेव्हापासून तिचा गाण्यावर फारच विश्वास बसला.

अपिली तिची जिवाची मैत्रीण. दोघींचे दुधाचे दात एकाच महिन्यात पडले म्हणतात. अपिली बारकी, हळू बोलणारी, मंडळात मागच्या रांगेत बसणारी. सेगुंदानं भांडायचं आणि अपिलीनं मागाहून जाऊन समजूत घालायची, अशी त्यांची वाटणी होती.

मग युद्ध आलं. जून महिना होता. तोफा सुरू झाल्या तशी सगळी वस्ती पळाली. सेगुंदाची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला हातगाडीवर घालून सेगुंदा उत्तरेकडे नातेवाइकांकडे निघाली. गाडीवर आई मावली, ट्रंक मावेना. त्या ट्रंकेत आईची कापडं होती. आमच्याकडे बाई आयुष्यभर हातमागाची कापडं जमवते, ती मेल्यावर तिच्याभोवती गुंडाळून मातीत जाण्यासाठी. किती निघाली, कशी निघाली, हे सगळं गोत बघतं. आईच्या कापडांतलं सगळ्यात वरचं काळं-पांढरं, कासवाच्या नक्षीचं. म्हाताऱ्या तोमे विणकरानं ते अख्खा उन्हाळा बसून विणलं होतं. अपिलीला प्राबिस गावाकडे जायला दिराचा ट्रक मिळाला होता. दोघींनी मिळून ट्रंक त्यात चढवली.

अकरा महिन्यांनी सगळे परतलो. कुणाचं छप्पर नव्हतं, कुणाचा माणूस नव्हता. अपिलीची चार वर्षांची मुलगी प्राबिसला तापानं गेली होती. अपिलीनं ट्रंक सेगुंदाच्या दारात आणून ठेवली आणि किल्ली तिच्या हातात दिली. सेगुंदानं ती उघडली नाही. आई जिवंत असताना ती ट्रंक कशाला उघडायची?

आई पुढच्या काजूच्या हंगामात गेली. गावाकडच्या आत्या, मावश्या, झाडून सगळ्या आल्या. त्यांच्यासमोर ट्रंक उघडली. एकेक कापड निघत गेलं. कासवाचं निघेना. सेगुंदानं हात तळापर्यंत घातला, ट्रंक उलटी केली. एक आत्या तोंडाला हात लावून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मासे विकता विकता पोरीनं आईचं कापडही विकलं वाटतं!"

मी तिथेच होते. सेगुंदानं अपिलीकडे बघितलं. अपिलीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. म्हातारी त्या कापडाशिवाय मातीत गेली.

तीन आठवड्यांनी एका बारशाला सेगुंदाची भुवई वर गेली.

जाताना ट्रंक उचलायला दोघी लागल्या,
येताना एकटीनं डोक्यावर आणली.
वाटेत दुखणं नाही, उपास नाही,
मग ट्रंक बारीक कशी झाली गं, बाई?

गाण्यातली ट्रंक पार रिकामी झाली होती. गेलं होतं एक कापड, पण एका कापडाचं गाणं होत नाही. आणि खरं सांगते, निम्मा दोष माझ्या ठेक्याचा. "बारीक कशी झाली" या शब्दांवर मी भोपळ्यावर दोन उलटे हात मारले, ते इतके फक्कड बसले की म्हाताऱ्या बायका जागेवरून उठून नाचायला लागल्या. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा अपिलीचे हात थांबले. पट्ट्या तिनं मांडीवर ठेवल्या. लगेच उचलल्याही, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेरा जणींनी बघितलं होतं.

आम्ही वाट बघत होतो की अपिली उलट गाणं घेऊन येईल. ती पुढच्या कार्याला आलीच नाही.

गाणं मात्र आलं. गल्लीत आलं, नळावर आलं, बाजारात आलं. शेजारच्या वस्तीतल्या मंडळानं उचललं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. पोरं कुणी हडकुळा माणूस दिसला की ओरडायची, "ट्रंक बारीक कशी झाली?" त्याच सुमारास परदेशातून आलेला मदतीचा तांदूळ कुठे जिरला म्हणून एका मंत्र्याच्या नावानं बोंबाबोंब चालली होती. नेलितु नावाच्या एका गिटारवाल्यानं आमचं गाणं घेतलं, त्याला वीज लावली, ड्रम लावला आणि कॅसेट काढली. ठेका तेवढा माझाच ठेवला, शहाणा! मग काय, सकाळी रेडिओवर, दुपारी मिनीबसमध्ये, रविवारी चर्चबाहेर, तेच. अर्ध्या देशाला ते मंत्र्याचं गाणं वाटत होतं. बांदिममध्ये मात्र ते अपिलीचं होतं. दोरीवरचं कुणाचं झंपर हरवलं, कुणाचा चमचा सापडेना, की आधी नजर अपिलीच्या दाराकडे जायची. तिच्या नवऱ्यानं एकदा रेडिओ आपटून फोडला, तर त्याचीही बातमी झाली.

सेगुंदा खुशीत होती, नाही म्हणणार नाही. "आईला कापड मिळालं नाही, निदान न्याय मिळाला," म्हणायची.

पावसाळा सरल्यावर तोमे विणकर तिच्या दारात आला. मी तिथे मासे साफ करत बसले होते. म्हाताऱ्यानं काखेतली घडी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. काळं-पांढरं, कासवाची नक्षी.

"हे कुणी विणायला सांगितलं तुला?" सेगुंदानं विचारलं.

"अपिलीनं. गेल्या वर्षीच सांगितलं, परत आल्या आल्या. म्हणाली, पहिल्यासारखंच पाहिजे. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, त्याला मी काय करू? वेळ लागला."

"आणि पहिलं कुठाय?"

तोमेनं आमच्या दोघींकडे बघितलं. "तुला माहीत नाही होय? तिच्या पोरीबरोबर गेलं. प्राबिसला काय होतं तिच्याकडे? नेसती लुंगी, ती पण पोरीच्या ओकाऱ्यांनी भरलेली. नागडी कशी ठेवायची पोर मातीत? ट्रंक उघडली, वरचं हाताला लागलं ते गुंडाळलं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हातारीचं कापड लेकराला घालतात का कुठे? कुणी ऐकलं तर काय म्हणेल, म्हणून बोलली नाही बिचारी. मला सांगावंच लागलं तिला, नक्षी हवी होती ना."

सेगुंदा होती तिथेच मातीत बसली. तोमे गेला, मासे उन्हात पडून राहिले, माश्या बसल्या. बऱ्याच वेळानं ती उठली आणि तशीच अपिलीकडे निघाली. मी मागोमाग गेले, कारण तिला एकटं सोडवेना.

अपिली अंगणात भात पाखडत होती. आम्हाला बघूनही तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मिळालं कापड?" तिनं विचारलं. "नीट झालंय ना? तोमेला आता दिसत नाही."

"अपिली, तू मला सांगायचं होतंस गं! एका शब्दानं सांगायचं होतंस!"

"कधी सांगणार होते? तुझ्या आईच्या मढ्यासमोर, तुझ्या आत्यांच्या देखत? म्हटलं, कापड तयार झालं की घेऊन जाईन, मग सांगेन. तू तेवढी थांबलीस कुठे?"

सेगुंदा रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. नवरा गेला तेव्हाही ती रडली नव्हती. "मी निस्तरते सगळं," ती म्हणाली. "रविवारी आल्बेर्तिनाच्या घरी बारसं आहे. मी उभी राहून गाणं म्हणते. खरं काय झालं ते सगळं घालते त्यात. कापड कुठे गेलं, कुणाला गुंडाळलं..."

तेव्हा अपिलीनं सूप खाली ठेवलं. "माझ्या पोरीला गाण्यात घालशील?" ती म्हणाली. "उद्या नळावरच्या बायका तिच्या नावानं पट्ट्या वाजवतील, तो नेलितु तिला मिनीबसमध्ये नाचवेल. मला घातलंस ते घातलंस. तिला तरी सोड. शपथ घे माझी."

सेगुंदानं शपथ घेतली. मलाही घ्यायला लावली. मी इथे लिहितेय म्हणजे ती शपथ मोडतेय, हे मला कळतं. पण मी गात नाहीये, एवढंच माझं समाधान.

आता बघा, आमच्याकडे गाण्याला उतारा म्हणजे गाणं. दुसरा नाही. आणि तोच तिला बंद झाला. मग तिनं उरलेले सगळे दरवाजे ठोठावले. आधी आमच्या मंडळाला हात जोडून सांगितलं की ते गाणं आता म्हणायचं नाही. आम्ही सोडलं. आम्ही सोडलं म्हणजे त्यात काहीतरी आहे, असं बाकीच्या मंडळांना वाटलं आणि त्यांनी आणखी जोरात धरलं. मग तिनं स्वतःवर एक चटकदार गाणं केलं, एका मूर्ख मासेवालीचं. तिला वाटलं, नवं आलं की जुनं मागे पडेल. लोकांनी ते ऐकलं, पोट धरून हसले आणि म्हणाले, "झकास! आता ट्रंकेचं होऊन जाऊ दे."

मग ती रेडिओच्या माणसाकडे गेली. तिशीतला, गोड बोलणारा माणूस. "तिया," तो म्हणाला, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला तियाच म्हणतात, "दिवसातून सहा वेळा लोक हे गाणं मागतात. थांबवू कसं?"

"माझं गाणं आहे. मी सांगते थांबव."

"कारण तरी सांगा. कुणावर आहे ते?"

"कुणावर नाही," ती म्हणाली.

"मग थांबवायचं कशाला, तिया?"

नेलितुकडे मीही गेले होते. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, शेंगदाण्याच्या रश्श्याबरोबर भात वाढला. त्याला वाटलं आम्ही वाटा मागायला आलोय. "कॅसेटवर तुमचं नाव टाकतो, तिया. तांदळाचं पोतं घरी पोचवतो."

"पोतं नको मला. माझं गाणं परत दे."

तो हसला नाही. मुलगा वाईट नव्हता. "कसं देऊ? माझ्याकडे तरी कुठे आहे ते आता?" म्हणाला. आम्ही भात अर्धवट टाकून उठलो. बाहेर मिनीबसमध्ये तेच वाजत होतं, तर सेगुंदानं ती सोडून दिली आणि घरापर्यंत चालत आली.

अपिली नाताळच्या आधी गेली. कुणाला सांगितलं नाही. समुद्रातल्या बुबाक बेटावर तिची मावशी असते, मासे धुरी देऊन सुकवते, तिच्याकडे. नवरा महिन्याभरानं मागोमाग गेला. दाराला कुलूप लागलं, आणि ते बघूनही कुणीतरी म्हणालंच की बघा, पळाली.

सेगुंदाचं अर्धं अंग गळाल्यासारखं झालं. बाजारात बसायची, पण मासे विकायला ओरडायची नाही, गाणं तर तिनं सोडलंच. एकदा मला म्हणाली, "ओदेत, मी तिला घेऊन येते. ती परत इथे राहिली, माझ्या शेजारी बसली, की लोकांना आपोआप कळेल." मला ते पटलं नव्हतं. तरी आम्ही अपिलीला निरोप धाडला आणि शुक्रवारच्या होडीत मी तिच्याबरोबर बसले.

अपिली धक्क्यावर घ्यायला आली होती. अंगानं भरली होती. धुरानं डोळे लाल झालेले, पण हसत होती. तिनं आमची बोचकी उचलली, आम्हाला तळलेले मासे आणि भात खाऊ घातला. तिथल्या मंडळात ती आता पुढच्या रांगेत बसते, असं मावशी कौतुकानं सांगत होती. शनिवारी दुपारी तिथे लग्न होतं, तिकडे आम्हालाही ओढून नेलं. बिसावच्या बायका म्हणून मानानं बसवलं, माझ्यापुढे तीना आणून ठेवली. चार-पाच गाणी रंगली. सेगुंदाही गायली, वर्षभरानं. मला बरं वाटलं.

मग त्यांची म्होरकी, एक धिप्पाड बाई, हात उंचावून म्हणाली, "आता ते मंत्र्याचं! ट्रंकेचं! रेडिओवर ऐकून ऐकून शिकलोय आम्ही, आता बिसावच्या तोंडून ऐकू द्या."

"माझा घसा बसलाय," सेगुंदा म्हणाली.

"अगं बाई, आत्ता तर मस्त गात होतीस!" सगळ्या हसल्या आणि पट्ट्या वाजवायला लागल्या.

अपिली सेगुंदाच्या शेजारीच होती. तिच्याही पट्ट्या सुरू झाल्या होत्या. "म्हण," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मला नाही म्हणवत गं."

"म्हण. नाही म्हटलंस तर ह्या विचारतील का नाही. मग काय सांगशील?"

मी भोपळ्यावर हात टाकला. दुसरं काय करणार होते? सेगुंदानं गाणं उचललं. तिच्या आवाजाला त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, इतकं चांगलं ते तिनं कधीच म्हटलं नव्हतं. बायका बेभान नाचत होत्या. मी अपिलीच्या हातांकडे बघत होते. एकदाही थांबले नाहीत. ध्रुवपद तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं, दात दाखवून हसत म्हटलं. गाणं संपलं तेव्हा त्या बायकांनी सेगुंदाला मिठ्या मारल्या आणि ते पुन्हा म्हणायला लावलं.

रविवारी सकाळी अपिली आम्हाला सोडायला धक्क्यावर आली. होडीत माणसं, बकऱ्या, सुक्या माशांच्या टोपल्या भरत होत्या. सेगुंदानं तिचा हात धरला.

"चल ना घरी," ती म्हणाली. "मी घरोघर जाऊन सगळ्यांच्या पाया पडते. तू म्हणशील ते करते."

"इथे कुणाला माहीत नाही, सेगुंदा. इथे ते मंत्र्याचं आहे. तिकडे ते माझं आहे."

"मग मी काय करू सांग. काहीतरी सांग मला करायला."

अपिलीनं विचार केला. ती रागावलेली नव्हती, असती तर मला सोसलं असतं. तिनं सेगुंदाच्या लुंगीची सुटलेली गाठ नीट बांधली, लहानपणापासून बांधायची तशी.

"एक कर," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नकोस. तू आलीस की त्यांना ते ऐकायचं असतं."

सेगुंदानं मान डोलावली आणि होडीत चढली. अपिलीला भट्टी पेटवायची होती, होडीवाल्यानं दोर सोडायच्या आधीच ती निघून गेली. याला आता चार वर्षं झाली. सेगुंदा पुन्हा तिकडे गेलेली नाही.